हळद प्यालेला डबा

माणसाचा चेहरा न बघता त्याच्या घरची भांडी बघून त्याची पारख करणारा, आणि त्या पारखीत कधीही न चुकणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे लातूरच्या आमच्या गल्लीतले कल्हईवाले चाचा. शहरात तेव्हा नावाजलेले वकील होते, डॉक्टर होते, पुढे तर क्लासवाल्यांचे चेहरे चौकाचौकात फलकांवर झळकू लागले. पण चाचांच्या लेखी ही सगळी मंडळी एकेका पातेल्यापुरती होती. कोपऱ्यावरचे वकील म्हणजे 'बुडाला पातळ झालेलं तपेलं', त्यांच्या समोरचे डॉक्टर म्हणजे 'जळकी कढई'. मी प्राथमिक शाळेत मास्तर, म्हणून सगळ्या गल्लीचा मी गुर्जी. पण माझ्या थोरल्या मुलाचं नाव काही चाचांना कधी पाठ झालं नाही. तो बँकेत लागला तेव्हा पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, "काठ चेंबलेल्या पातेल्याचं पोरगं बँकेत लागलं, लई खुशी झाली गुर्जी. आता तरी त्या पातेल्याचा काठ सरळ करून घ्या."

अंगानं किडकिडीत, डोक्याला जाळीची टोपी, आणि डावी भुवई कायमची जळलेली. ती पुन्हा उगवायची तोवर एखादी ठिणगी येऊन तिला परत घेऊन जायची. आताच्या मुलांना कल्हई म्हणजे काय ते सांगावं लागतं. तांब्यापितळेच्या उघड्या भांड्यात ताक किंवा आंबट वरण ठेवलं की ते कळकतं, हिरवट होतं, तोंडात धरवत नाही. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात, ती कल्हई. गल्लीतल्या कडुलिंबाखाली जमिनीत खड्डा करून चाचा त्यात कोळसे पेटवायचे, एका हातानं भाता ओढायचे, दुसऱ्या हातानं सांडशीत धरलेलं पातेलं फिरवायचे, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा, त्या धुरात कथील लावून कापसाच्या बोळ्यानं असा एक हात मारायचे की काळं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. मग ते पाण्यात बुडवून बाहेर काढायचे, कानाजवळ धरून बोटाच्या पेरानं एक टिचकी मारायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आवाज पसंत पडला नाही तर गिऱ्हाईक कितीही घाईत असो, भांडं पुन्हा आगीत. "भांड्याला जबान न्हाई गुर्जी," ते म्हणायचे, "म्हणून मला बोलावं लागतंय."

आणि बोलायचे. जेवायला बोलावलं तर आधी ताट पालथं करून बघायचे, मग वाटीत बोट फिरवायचे, मग बसायचे. नातेवाइकांत, सोयऱ्यांत, कुठंही. एका लग्नात पंगत बसली, पत्रावळी वाढून झाल्या, वरणाची डेग उचलली आणि चाचा आडवे आले. डेगेची कल्हई आतून दोन ठिकाणी उडाली होती. नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, "चाचा, लोकं बसलीत हो!" चाचा म्हणाले, "बसू द्या. बसल्यानं कुणी मरत न्हाई." वरण दुसऱ्या भांड्यांत उपसायला लावून त्यांनी मांडवाच्या मागं खड्डा केला, भाता मागवला आणि नवरदेवासकट सगळं वऱ्हाड कोरडा भात समोर घेऊन धुराकडं बघत बसलं. व्याही रुसले, भटजींना ठसका लागला. चाचांनी मात्र डेग परत आणून ठेवली तेव्हा ती मुलगी जणू त्यांनीच उजवल्यासारखा त्यांचा चेहरा होता. त्या लग्नाची गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आता ती सांगताना मला हसू येत नाही, नुसता थकवा येतो. कारण चाचांबद्दलची दुसरी एक गोष्टही मीच सांगितली होती, आणि ती खोटी होती.

त्या आधी भूकंपाचं सांगायला हवं. किल्लारीकडं जे झालं ते झालं तेव्हा लातूरमधून ज्याला जे जमेल ते घेऊन माणसं तिकडं गेली. कुणी कपडे नेले, कुणी धान्य. चाचा भाता आणि कथील घेऊन गेले. आम्ही म्हणालो, चाचा, तिथं माणसं पत्र्याखाली राहून राहिलीत, कल्हई कुणाला सुचतेय? ते म्हणाले, "मातीतून भांडी निघून राहिली असतील की. त्यातच शिजवणार ना लोकं?" आणि खरंच, ढिगाऱ्यातून माणसं आधी माणसं काढत होती आणि मग भांडी. चेपलेली, चिरलेली, मातीनं भरलेली. चाचा तिथं दोन महिने बसले. ठोकून सरळ करायचे, कल्हई लावायचे, एका पैशाला हात लावला नाही. एक म्हातारी अगदी चपटं झालेलं तपेलं घेऊन आली आणि म्हणाली, "ह्याला सरळ करू नगंस बाबा. असंच राहू दे. नुसतं उजळून दे." चाचांनी तासभर खपून ते चपटं तपेलं उजळून दिलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. परत आल्यावर काही दिवस ते गप्प असायचे आणि वर्षभर घरात न झोपता अंगणात झोपायचे. पण त्या वर्षी लातूरमध्ये घरात कोण झोपत होतं? मीसुद्धा अंगणातच होतो.

पुढं स्टील आलं आणि कल्हई गेली. चाचांचं स्टीलशी भांडण नव्हतं. "स्टील म्हंजे सरकारी माणूस," ते म्हणायचे, "काम करतंय, पण जीव लावत न्हाई." भट्टी आता रोज पेटत नव्हती, पण लग्नकार्याच्या मोठ्या डेगा अजून तांब्याच्याच असायच्या, दोन्ही समाजांच्या, आणि लग्नसराईत त्या चाचांकडंच यायच्या. त्यावर त्यांचं बरं चाललं होतं. तेवढ्यात क्लासचं वारं सुरू झालं. नांदेडपासून, उस्मानाबादपासून पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला लातूरला लोटली. गल्लीतल्या ज्या खोल्यांत पूर्वी जुनी ट्रंक आणि ज्वारीची पोती असायची तिथं तीन-तीन खाटा पडल्या. मी निवृत्त झालो होतो. आम्ही खालच्या मजल्यावर मेस काढली. स्वयंपाक बायकोचा, शिस्त माझी. पोरं बॅचप्रमाणं यायची, एक अकराला, एक दोनला, एक साडेतीनला, आणि प्रत्येकाला गरम हवं. म्हणून मुलानं मायक्रोवेव्ह घेऊन दिला. गल्लीतला पहिला. मी त्यावर विणलेला रुमाल घातला. सकाळीच भाजी-भात प्लास्टिकच्या डब्यांत भरून ठेवायचा, पोरानं यायचं, आपला डबा आत सरकवायचा, बटण दाबायचं. डबे मी घाऊक आणले होते, आणि ते पुरेनात तेव्हा आईस्क्रीमचे, श्रीखंडाचे रिकामे डबेही त्यात मिसळले.

चाचा मशीन बघायला आले ते एखादी नवी सून बघायला यावं तसे. समोर स्टूल घेऊन बसले.

"आग कुठाय?"

"आग नसते चाचा ह्यात. लहरी असतात."

"लहरी? दिसून तर न्हाई राहिल्या." थोडा वेळ ते काचेतून फिरणारा डबा बघत राहिले. "भाता न्हाई, कोळसा न्हाई. बरंय. काजळी न्हाई लागत कपड्याला."

डबा बाहेर आला. पोरानं झाकण काढलं. चाचांनी सवयीनं डबा हातात घेतला, भाजी ताटात ओतायला लावली, आणि रिकाम्या डब्यात बोट फिरवलं. आत तेलाची रेष होती तिथं प्लास्टिक खरखरीत झालं होतं आणि पिवळंधम्मक. ते उठून मोरीत गेले, राखेनं घासलं, साबणानं घासलं, नखानं खरवडलं. पिवळं काही जाईना. तो डबा उजेडात धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "गुर्जी, हळद आत गेली ह्याच्या."

"डाग आहे चाचा तो."

"डाग वर असतोय. ही आत गेली. हळद आत जाऊ शकतीय, तर आतलं बाहेर येऊ शकत न्हाई का? गरम केल्यावर? तेल असल्यावर?" आणि मग शेवटचा निकाल दिल्यासारखं, "ह्याला कल्हई न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोनच्या बॅचला चाचा आमच्या दारात. हातात चिनी मातीच्या दोन बशा, बायकोकडूनच मागून घेतलेल्या. पोरगं डबा मशीनमध्ये ठेवायला गेलं की ते मनगट धरायचे. "पोरा, ओत ह्याच्यात. आन मग घाल आत." पोरांना मजा वाटायची. "चाचा, केमिस्ट्रीचा पेपर तुम्हीच काढा," "चाचा, आमच्या सरांच्या जागी तुम्ही उभे राहा." चाचा हसायचे पण मनगट सोडायचे नाहीत. भारनियमनात मशीन बंद पडलं की त्यांचा दिवस आनंदात जायचा. "आज सगळ्यांला गार, पण साफ," म्हणत पोळ्या वाढायला लागायचे. माझी बायको आधी वैतागली, मग गप्प झाली, आणि मग तिनं माझ्या नकळत आमच्या घरातलं जेवण बशीत तापवायला सुरुवात केली. मला ते दिसलं होतं.

आता जे लिहायचं ते सरळ लिहितो. मशीनबरोबर एक माहितीपुस्तक आलं होतं. गल्लीत ते कुणी वाचलं नसतं. मी वाचलं होतं, कारण छापलेलं दिसलं की वाचायचं ही मास्तराची खोड. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की काचेचं, चिनी मातीचं भांडं वापरावं; प्लास्टिक वापरायचंच तर मायक्रोवेव्हसाठीचं असं चिन्ह असलेलंच; पातळ, ओरखडे पडलेले, दुसऱ्या खाद्यपदार्थाचे रिकामे डबे त्यात तापवू नयेत. मी उठून सगळे डबे उलटे करून पाहिले. एकावरही ते चिन्ह नव्हतं. मी पुस्तक कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आणि भिंतीवर पाटी लावली, 'स्वच्छ व सुरक्षित घरगुती जेवण'. अक्षर माझंच. वळणदार.

देवणीकडची एक मुलगी आमच्याकडं जेवायला होती. डॉक्टर व्हायला आलेली, अभ्यासू, कमी बोलणारी. चाचांची बशी मुकाट्यानं घेणारी ती एकटीच. तिनं घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं. तिचे वडील शेतकरी, आप्पा म्हणायची ती त्यांना. देवणीची बैलजोडी सांभाळणारा, धोतरातला माणूस. ते एका दुपारी एसटीनं आले, सोबत हुरड्याची पिशवी. पोरं जेवत होती. आप्पा उभ्यानंच म्हणाले, "गुर्जी, राग नका मानू. पोरगी म्हणून राहिली की त्या डब्यात गरम केलेलं खाऊ नाही. तुमचे ते चाचा सांगतेत म्हणं. खरं हाय का हो?"

तीस-चाळीस पोरं हात थांबवून माझ्याकडं बघत होती. समोरच्या बाजूला नुकतीच दुसरी मेस निघाली होती. आणि खरं सांगायचं तर ती भीती पण निम्मीच. निम्मं हे होतं की सही करता न येणारा एक कल्हईवाला भर वर्गात माझी चूक दाखवत होता. मी हसलो. कपाळाजवळ बोट गोल फिरवलं आणि म्हणालो, "आप्पा, म्हातारबा भले आहेत. पण भूकंपात किल्लारीला गेले होते ना, तिथलं बघून आल्यापासून इथं जरा फिरलंय त्यांचं. भांड्यांत काहीबाही दिसतं त्यांना. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"अरं अरं," आप्पा म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. चाचा उंबऱ्यात उभे होते, दोन्ही हातांत बशा. आप्पांनी त्यांना वाकून नमस्कार केला, देवाघरच्या लेकराला करावा तसा. चाचांनी माझ्याकडं बघितलं नाही. स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "भाबी, बशा हितं ठेवून राहिलो," आणि खिडकीच्या कट्ट्यावर त्या ठेवून गेले.

एवढंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पण पोरांनी ते ऐकलं, घरमालकांनी पोरांकडून ऐकलं, आणि गुर्जी म्हणाले म्हणजे खरंच असणार. वर्षाच्या आत ते 'येडे चाचा' झाले. लहान मुलं त्यांना रिकामे डबे दाखवून पळायची. ते सोसता आलं असतं. पण ज्या भांड्यात पाचशे माणसांचं जेवण शिजायचं ते डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाच्या हाती कोण देणार? पुढच्या सराईत एक डेग आली. त्याच्या पुढच्या सराईत एकही नाही. चाचांनी भट्टीचा खड्डा मातीनं भरला, वर पाणी मारून सारवला, आणि नांदेडला लेकीकडं निघून गेले. जाताना गल्लीतल्या प्रत्येक दारात थांबले. आमच्याही. बायकोला म्हणाले, "त्या पातेल्याचा काठ तेवढा राहिला भाबी."

डब्यांचं म्हणाल तर मी ते सहा महिन्यांतच काढून टाकले. एकदम नाही, रोज दोन-चार. पोरांनी विचारलं तर सांगायचो, तडकले. चिनी मातीच्या बशा आणल्या, काचेचे वाडगे आणले. डबा बदलायला मला सहा महिने लागले. शब्द बदलायला मला पुढं कित्येक वर्षं जमलं नाही. त्या डब्यांनी कुणाला काही झालं असं मी म्हणणार नाही, मला तसं माहीत नाही. मुलाकडून इंटरनेटवरचं वाचून घेतलं. जाणकार म्हणतात, गरम आणि तेलकट पदार्थात काही प्लास्टिकमधलं थोडंफार उतरतं, जुन्या, ओरखडलेल्या डब्यातून जास्त. त्यानं किती अपाय होतो यावर त्यांचं एकमत नाही. पण काच किंवा चिनी माती वापरा, यावर आहे. चाचा तिथवर एका बोटानं पोचले होते.

बायको गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी नांदेडला गेलो. चाचांची लेक जुन्या वस्तीत राहते, दोन खोल्या, पुढं शिलाईमशीन. चाचा खाटेवर बसले होते, दोन्ही भुवया शाबूत आणि पांढऱ्या. मी आधी तब्येतीचं बोललो, मग पाण्याचं, मग विष्णुपुरीचं धरण भरलं का ते विचारलं. मग सगळं सांगितलं. माहितीपुस्तकाचं, वरच्या फळीचं, पाटीचं. ते ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "मला काय सांगून राहिले गुर्जी? माजं डोकं ठीक हाय हे मला ठाऊकच हाय. ज्याला सांगितलं त्याला सांगा की."

मी परत आलो आणि गल्लीत घरोघर गेलो. जुनी माणसं फार उरली नाहीत. वकील म्हणाले, "कोण? येडे चाचा? हो हो, फार गोड माणूस," आणि मी सांगितलेलं ऐकून, "जाऊ द्या हो गुर्जी, आता काय त्याचं," म्हणाले आणि चहा मागवला. पोरं तर दर वर्षी बदललेली. ज्यांनी ऐकलं ती आता कुठं कुठं डॉक्टर असतील. त्या मुलीचा नंबर मिळवायला दोन महिने गेले. ती डॉक्टर झाली नाही, उदगीरला शाळेत शिकवते. मी मेसवाला गुर्जी म्हटल्यावर तिनं लगेच ओळखलं. मी बोलून संपवल्यावर म्हणाली, "गुर्जी, मला तेव्हाच कळलं होतं. घरी जाताना मी आप्पांना म्हणाले पण, की चाचा बरोबर आहेत. आप्पा म्हणाले, गुर्जी खोटं कशाला बोलतील?"

"आप्पा आहेत का? मला त्यांच्याशी बोलायचं आहे."

"आप्पा जाऊन चार वर्षं झाली." मग ती म्हणाली, "एक सांगू का? आमच्या इकडं दर्गा आहे. आप्पा दर वर्षी उरसाला तिथं नारळ आणि मलिदा न्यायचे. लातूरच्या त्या चाचांचं डोकं ठिकाणावर येऊ दे, म्हणून. शेवटच्या वर्षी चालता येत नव्हतं, तर मला पाठवलं."

मी दुसऱ्या दिवशी नांदेडला फोन लावला. लेकीनं तो चाचांच्या कानाला धरला. त्यांना ऐकू यावं म्हणून मला सगळं मोठ्यानं सांगावं लागलं, नारळाचंसुद्धा. ते आधी हसले, खोकला येईपर्यंत हसले. "मंग नवस लागू पडला म्हणायचा. बघा, डोकं ठीक हाय माजं." मग विचारलं, "त्याला सांगितलं का न्हाई कुणी? जायच्या आधी?"

"नाही चाचा."

"म्हंजे त्याच्या लेखी मी येडाच ऱ्हायलो."

फोनमध्ये पलीकडं शिलाईमशीन चालू झालं आणि थांबलं. मग ते म्हणाले, अगदी हळू, मला ऐकवायचं नसल्यासारखं, "पण माणूस लई चांगला, गुर्जी. एकदाच बघितलेल्या माणसासाठी एवढं कोण करतंय."